शब्दाचा चाकर, हेतूचा चाकर

धन्याचा शब्द तंतोतंत पाळणारा चाकर आज्ञाधारक म्हणावा काय? नीतिशास्त्रातला हा जुना प्रश्न आता संगणकशास्त्रात शिरला आहे. तो तेथे नेटाने मांडणाऱ्यांत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक स्टुअर्ट रसेल अग्रभागी आहेत.

रसेल यांनी पीटर नॉर्विग यांच्यासह लिहिलेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे पाठ्यपुस्तक 1995 साली निघाले आणि जगभरच्या विद्यापीठांत प्रमाण ठरले. त्यातली कल्पना सरळ होती : माणसाने उद्दिष्ट नेमून द्यावे, यंत्राने ते अधिकाधिक साधावे. 2020 च्या चौथ्या आवृत्तीत हा पायाच बदलला आहे. उद्दिष्ट यंत्राला पुरते ठाऊक असते, असे आता तेथे धरलेले नाही. पंचवीस वर्षे ज्यावर पिढ्या शिकल्या, ते गृहीतक लेखकांनीच बाजूला सारावे, ही मला सामान्य गोष्ट वाटत नाही.

याचे कारण रसेल मिडास राजाच्या कथेने सांगतात. स्पर्शाने सर्व सोने व्हावे, हा वर त्याला शब्दशः मिळाला. अन्नही सोने झाले. अशा धोक्याचा इशारा नॉर्बर्ट वीनर यांनी 1960 सालीच दिला होता.

रसेल व त्यांचे सहकारी यांनी बटणाचा एक दाखला गणिताने मांडला आहे. उद्दिष्टाविषयी पक्की खात्री असलेले यंत्र आपल्याला बंद करू देणार नाही. बंद पडल्यास काम अपुरे राहील, एवढा हिशेब त्याला पुरतो. खात्री नसलेले यंत्र मात्र, धन्याचा हात बटणाकडे जाताच, आपले काही चुकत असावे असे ओळखते व थांबते. नम्रता येथे स्वभावातून नव्हे, अज्ञानाच्या जाणिवेतून येते. (शब्दांमागचा हेतू शोधणाऱ्या भाषांतरकाराला हे ओळखीचे वाटेल.)

पण हेतू ओळखायचा कशावरून? रसेल म्हणतात, माणसाच्या वर्तनावरून. येथे मला अडखळायला होते. रोज संध्याकाळी गुत्त्याकडे वळणारा आणि सकाळी मुलांपुढे शपथ घेणारा मनुष्य एकच असतो. वर्तन मोजले तर संध्याकाळ जिंकेल. माणसाची कृती त्याच्या खऱ्या इच्छेला नेहमी धरून नसते, हे रसेल मान्य करतात आणि यंत्राने आपले दौर्बल्यही जमेस धरावे असे सांगतात. मात्र त्या दोन इच्छांपैकी दुर्बल कोणती, हे यंत्राला आधी कोणीतरी सांगावे लागेल.