राजावर दावा कुठे लावावा?

साताऱ्याच्या रंगो बापूजींची कथा आपल्याकडे स्वामिनिष्ठेची म्हणून सांगतात. मला ती एका फिर्यादीची कथा वाटते. फक्त फिर्याद ऐकणारी कचेरी तीत कुठे सापडत नाही. १८३९ साली कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस धाडले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेले. कंपनीच्या भागीदारांच्या सभा झाल्या, पार्लमेंटात भाषणे झाली. १८४७ त महाराज काशीतच वारले, पुढच्या वर्षी राज्यही खालसा झाले. हे गृहस्थ तरी वर्षानुवर्षे दारे ठोठावीतच होते.

कोर्टाचे दार उघडले असते तर? त्याचे उत्तर तंजावरच्या भोसल्यांकडे आहे. १८५५ साली तेथले शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याबरोबर त्यांची खाजगी दौलतही उचलली. थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, आणि बाई जिंकल्या! पण १८५९ त लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. जप्ती न्यायाची होती असे काही ते म्हणाले नाहीत. एका राजसत्तेने दुसरीशी केलेला व्यवहार तपासणे कोर्टाचे काम नव्हे, एवढेच म्हणाले.

१८६२ साली सरकारने ती दौलत राण्यांना परत दिली. पुढे राण्यांतच वाद लागला, तेव्हा १८६८ त मद्रास हायकोर्टाने ती सरकारने नव्याने दिलेली देणगी ठरवली. नवऱ्याचेच धन, पण वारसा म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून! जप्तीपेक्षा मला हेच अधिक झोंबते. गेलेली वस्तू घरी आली, पण ‘ती माझीच होती’ हे म्हणणे मात्र कायमचे गेले.

सरकारांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये हा संकेत अगदीच वेडगळ नाही. सांगलीच्या कोर्टाने परक्या सरकारच्या मालावर बेलिफ धाडला, तर त्या देशात आपल्या वकिलातीची काय गत होईल? म्हणून आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८६ व्या कलमाप्रमाणे परक्या राष्ट्रावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. अर्जदाराचे म्हणणे ऐकल्यावाचून ती नाकारू नये, एवढी भर १९७६ त पडली.

ठीक आहे. पण सलोखा राहतो दोन सरकारांचा, आणि त्याची किंमत भरतो एखादा हळदीचा व्यापारी किंवा एखादी विधवा, हा कुठला हिशेब? संमती नाकारायची तर सरकारने खुशाल नाकारावी. मग त्या माणसाचे नुकसान आपल्या तिजोरीतून का भरून देऊ नये?