‘टॅक्टिकली’ कुणाला सांगता?

घ्या वह्या परत. लाल शाई दिसतेय ना? बहुतेक एकाच शब्दावर सांडलीय. मुळशी सत्याग्रहावर इंग्रजीत दोन पानं लिहायला सांगितली, तर पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा तुम्ही ‘टॅक्टिकली’ भुरभुरलात. टाटांनी टॅक्टिकली धरण बांधलं. मावळे टॅक्टिकली शूर होते. शूर कुणी टॅक्टिकली असतो का रे? आणि मागच्या बाकावरच्या एका विद्वानाने तर सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट टाटा कंपनीशी ‘टॅक्टिकली’, म्हणजे सौजन्याने बोलले असं लिहिलंय. बाळा, ते टॅक्टफुली! ते लॅटिनमधल्या स्पर्शावरून आलं, टॅक्टिक्स ग्रीकांच्या सैन्य मांडण्यावरून. दिसायला भाऊ, नात्याने परके.

आता कान उघडे ठेवा. समोर विरोधक हवा, मनात मोठा हेतू हवा, आणि त्या हेतूसाठी आज, इथे, हाताशी आहे तेवढ्या बळावर केलेली चाल हवी. त्या चालीपुरताच हा शब्द. पुरंदरच्या तहात 1665 साली शिवाजी महाराजांनी 23 किल्ले दिले, 12 राखले, आणि 1670 पासून गेलेले परत घ्यायला लागले. तिथे बेलाशक लिहा.

आपल्याच तालुक्यात या. 16 एप्रिल 1921, रामनवमी. मावळे, म्हणजे इथले शेतकरी, टाटांच्या धरणाच्या जागेवर जाऊन बसले. शस्त्र नाही, अर्जविनंत्या नाहीत. काम बंद पडलं. ही चाल. इथे ‘टॅक्टिकली’ लिहिलं असतंत तर मी बरोबरची खूण केली असती. पण ‘जान किंवा जमीन’ ही घोषणाही तुम्ही त्याच शब्दात कोंबलीत. अरे, तो हेतू! त्यासाठीच तर चाल होती.

सगळ्यात राग आणणारं वाक्य तिघांच्या वहीत सारखंच आहे, म्हणजे कॉपीही झालीय: सत्याग्रह टॅक्टिकली फसला. कुठे फसला? चाल बरोबर बसली होती. काम थांबलं, नंतर पुन्हा सुरू झालं, आणि तोवर आपल्याच बाजूला तडा गेला. बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदला मिळाला की पुरे. कसणाऱ्याला मात्र शेतच हवं. एका बाजूने उभ्या राहिलेल्यांचा हेतूच एक नव्हता. हे अपयश डावाचं नाही, धोरणाचं. इंग्रजीत सुरुवातीलाच ‘टॅक्टिकली’ लिहून स्वल्पविराम दिला की त्याचा अर्थ ‘चालीपुरतं पाहिलं तर’ असा होतो. पुढे ‘बट’ येणार हे वाचणारा ओळखतो. तुम्ही स्वल्पविराम दिलात, ‘बट’ गिळलात.

1924 मध्ये बापटांनी प्रकल्पाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. तिथेही तुम्ही तोच शब्द ठोकलात. तोवर लढा जवळजवळ हरलेला होता. त्यातून पुढे काही साधायचं उरलं नव्हतं. मला तरी तो निर्वाणीचा विरोध वाटतो. कुणाला वेगळं वाटत असेल तर त्याने बापटांना त्यातून काय मिळवायचं होतं ते लिहावं. नुसतं क्रियाविशेषण चिकटवून सुटका नाही. तुमच्यापैकी काहींच्या पणजोबांची भातखाचरं त्या पाण्याखाली आहेत. त्यांच्याबद्दल तरी शब्द तोलून वापरा.

आणि तोंडी परीक्षेला ‘टॅक्टिकली’ गैरहजर राहिलेल्या महाशयांनी उभं राहावं. विरोधक कोण, मी? हेतू काय? घाबरलास, तर घाबरलो म्हण.

दोन्ही पानं पुन्हा लिहून उद्या पहिल्या तासाला द्या. पौडची एसटी उशिरा आली हे कारण चालणार नाही, आणि ती टॅक्टिकली उशिरा आली असं तर मुळीच सांगू नका.