बायबल अल्तारावरून टेबलावर



आपल्या बहुतेकांच्या घरी बायबल आहे. कुणाला ते लग्नात भेट मिळालेले असते, कुणी प्रथम कम्युनियनला घेतलेले असते. अल्तारावर मूर्तीशेजारी ते नीट झाकून ठेवलेले असते. आपण त्याला मान देतो, पण उघडत नाही. मग घरात कुणी वारते. शेजारीपाजारी प्रार्थनेला जमतात आणि कुणीतरी म्हणते, "बायबलमधून काहीतरी वाचा." पाने उलटत राहतात. कुठे उघडावे तेच ठाऊक नसते आणि ज्या रात्री देवाच्या शब्दाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच रात्री तो आपल्याला सापडत नाही.

हे केवळ आळसामुळे घडते असे नाही. आपल्या आजी-आजोबांच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होती. संध्याकाळची रोझरी ही घरची प्रार्थना होती आणि बायबल वाचणे हे फादरांचे काम मानले जाई. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्र वारंवार वाचावे असा आग्रह धरला. पुढे २०१० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आले. तेव्हा भाषा कळत नाही, ही सबबही आता चालणार नाही.

आपण सुरुवात करतोही. प्रायश्चित्तकाळ आला की उत्साहाने उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून वाचू लागतो. उत्पत्ती गोष्टींच्या ओघात संपते, निर्गमही बरेचसे होते. लेवीयमध्ये यज्ञबलींचे नियम सुरू झाले की खुणेची फीत तिथेच अडकते. आपण भलतेच मोठे माप घेतो. वाद्य वाजवत वाजवतच माणूस वादक होतो, असे अॅरिस्टॉटल सांगून गेला. (तत्त्वज्ञान एवढेच पुरे!) सवय रोजच्या छोट्या कृतीतून लागते, एका रविवारी दहा अध्याय वाचून नव्हे.

म्हणून आपण चर्चच्या पावलाने चालू या. त्या दिवसाच्या मिस्सातील शुभवर्तमान तेवढे वाचावे. पाच मिनिटेही लागत नाहीत. सामान्यकाळात दररोजच्या मिस्सात आधी मार्क, मग मत्तय, मग लूक असा क्रम असतो. योहान विशेषकरून प्रायश्चित्तकाळाच्या उत्तरार्धात आणि पुनरुत्थानकाळात येतो. हा नेम वर्षभर पाळला तर चारही शुभवर्तमानांचा मोठा भाग आपोआप वाचून होतो. ज्यांना सलग वाचायला आवडते त्यांनी मार्क घ्यावा. त्याचे अध्याय १६च आहेत.

वाचून कळले नाही तर? प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ पाहा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत चालला होता. फिलिपने विचारले, समजते का? कुणी समजावून सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे त्याने सरळ सांगितले. समजत नव्हते तरी तो वाचत होता, तेही प्रवासात आणि मोठ्याने, म्हणून तर फिलिपला ऐकू गेले. आपल्या विरार लोकलमध्ये मोठ्याने नको, पण मनात वाचता येईल. घरी मात्र मोठ्यानेच वाचावे. आज आईने, उद्या मुलाने. अडले ते लिहून ठेवावे आणि मिस्सानंतर आम्हाला जरूर विचारावे.

आज घरी गेल्यावर बायबल अल्तारावरून खाली काढू या आणि जेवणाच्या टेबलावर ठेवू या. त्यावर आमटीचा डाग पडला तरी चालेल.

आपले धर्मगुरू