उतारशाळेतील ओळख

अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांतून अॅपलेशियन ट्रेल नावाची एक पायवाट जाते. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर. बेंटन मकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. दरवर्षी हजारो माणसे ही वाट एकाच मोसमात संपवायची म्हणून निघतात. त्याला पाच ते सात महिने लागतात. साधारणपणे चौघांपैकी एकच जण शेवटापर्यंत पोहोचतो.

पाठीवरच्या पिशवीत फार तर चार-सहा दिवसांचा शिधा मावतो. तो संपला की डोंगर उतरून गावात यावेच लागते. नॉर्थ कॅरोलायनामधील हॉट स्प्रिंग्ज आणि व्हर्जिनियामधील डमॅस्कस या गावांत तर पायवाट मुख्य रस्त्यावरूनच जाते. डमॅस्कस हे नाव आपल्या ओळखीचे आहे. संत पौलाच्या दमिष्क नगराचेच नाव या गावाला दिलेले आहे.

वाटसरू गावात येतो, अंघोळ करतो, कपडे धुतो, पोटभर जेवतो, पायाचे फोड बघतो. तिथे त्याला इतर वाटसरू भेटतात. या मंडळींत एक रीत आहे. घरचे नाव कोणी सांगत नाही. वाटेवर सोबत्यांनी ठेवलेले टोपणनाव हीच ओळख. त्यामुळे समोरचा डॉक्टर आहे की नोकरी गेलेला मजूर, हे दोन-दोन दिवस कळत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी एक खोके ठेवलेले असते. आपल्याला जड झालेला तांदूळ, जास्तीची दोरी, उरलेले इंधन त्यात ठेवायचे. ज्याला गरज आहे त्याने न विचारता न्यायचे. पुढे पाणी कुठे आहे, कोणता ओढा भरला आहे, हे एकमेकांना सांगायचे. काल अनोळखी असलेली चार माणसे आज एका टेबलावर घरच्यासारखी जेवतात, आणि परवा पांगतात. बहुतेकांची पुन्हा कधीच गाठ पडत नाही.

येथे आपल्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो. ही जवळीक खरी म्हणायची का? उद्या ज्याचे तोंड पाहायचे नाही त्याच्याशी गोड वागायला काय लागते? त्याच्याशी बांधावरून भांडण नाही, वाटणीचा वाद नाही, त्याच्या आजारपणात रात्र जागवायची नाही. अॅरिस्टॉटल म्हणतो की खऱ्या मैत्रीला काळ लागतो. दोघांनी बरोबर बसून पुष्कळ मीठ खाल्ल्याशिवाय एकमेकांची पारख होत नाही. त्याच्या कसोटीला दोन दिवसांची ही मैत्री उतरणार नाही.

परंतु संत थॉमस अक्वायनस येथे एक मोलाचा भेद करतात. ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात त्यांनी सौजन्य हा एक स्वतंत्र सद्‌गुण मानला आहे. प्रत्येक माणूस स्वभावतःच दुसऱ्या माणसाचा एका व्यापक अर्थाने मित्र असतो, असे ते सांगतात. म्हणून अनोळखी माणसाशी आपण मित्रासारखे बोलतो-वागतो तेव्हा ते ढोंग नसते. कारण आपण त्याचे जिवलग असल्याचा आव आणत नाही. जेवढे नाते आहे तेवढे मात्र मनापासून निभावतो. वाटसरूंची मैत्री या अर्थाने खरी आहे. ती लहान आहे, पण तिला खोटी म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. समजा, चौघे जण महिनाभर बरोबर चालले. गावात पोहोचल्यावर एकाचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली. बाकीच्या तिघांनी थांबावे की जावे? दक्षिणेकडून निघालेल्यांना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कटाडिन गाठायचे असते. त्यानंतर थंडी आणि बर्फ वाट अडवतात. गाठीचे पैसेही मोजके असतात. या वाटेवर एक वचन सर्वांच्या तोंडी असते : ज्याने त्याने आपली चाल चालावी.

या वचनात शहाणपण आहे. दुसऱ्याच्या चालीने चालायला गेलेला माणूस पाय मोडून घेतो. आपली चाल दुसऱ्यावर लादणे हाही अन्यायच. पण त्याच वचनाआड लपून माणूस सोबत्याकडे पाठ फिरवू शकतो. डोंगरात पडलेल्याला कोणी टाकून जात नाही. गावात मात्र छप्पर आहे, दवाखाना आहे, म्हणून आपली जबाबदारी संपली असे वाटू लागते. ती खरेच संपते का?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, हे आपल्या लक्षात राहते. पुढचे आपण भरभर वाचून जातो. दुसऱ्या दिवशी तो शोमरोनी आपल्या वाटेने निघून गेला! संत लूकच्या शुभवर्तमानात तसे स्पष्ट लिहिले आहे. प्रभू येशू त्याबद्दल त्याला दोष देत नाही. कारण जाण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी केल्या. जखमी माणसाला एका विशिष्ट माणसाच्या हाती सोपवले. खिशातून दोन दिनार काढून दिले. आणि परत येईन, अधिक खर्च झाल्यास भरून देईन, असा शब्द दिला.

आमच्या मते त्या तिघा वाटसरूंसाठी उत्तर येथे आहे. पुढे जाणे हे पाप नव्हे. सोबत्याची कोणतीही सोय न लावता, त्याच्याशी धड न बोलता, पहाटे गुपचूप निघून जाणे मात्र अन्यायाचे आहे. प्रेमाला मर्यादा असू शकते. पण ती मर्यादा समोरच्याला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, आणि ती जेथे संपते तेथे दुसऱ्या कोणाचा तरी हात त्याच्या हाती दिला पाहिजे.

आता त्या दाखल्यातील उतारशाळेवाल्याचा विचार करू. त्याच्याबद्दल आम्ही फारशी प्रवचने ऐकलेली नाहीत. तो कोठे जात नाही. लोक येतात, बरे होतात, जातात; तो तेथेच असतो. अॅपलेशियन वाटेवर असे उतारशाळेवाले आहेत. न्यूयॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे आपल्या कॅथलिक फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी वर्षानुवर्षे वाटसरूंना आपल्या मैदानावर मुक्काम करू दिला आहे. पेन्सिल्वेनियातील डेलावेअर वॉटर गॅप गावात एका प्रेस्बिटेरियन चर्चने १९७० च्या दशकात त्यांच्यासाठी निवारा उघडला. १९५५ साली एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजी हाताने शिवलेली पिशवी घेऊन एकट्या ही वाट चालल्या, तेव्हा कोणी त्यांना घरात घेतले, कोणी दारातून परत पाठवले. ज्यांनी घेतले त्यांना त्या पुन्हा भेटतील अशी आशा नव्हती.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही वाटसरू आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहणारी कुटुंबे रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसतात. ‘ती काय, आज आहेत, उद्या जातील’ असे म्हणून आपण त्यांची नावेही विचारत नाही. मग त्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले, तर कम्युनियन घेऊन कोणाकडे जायचे हे आम्हा धर्मगुरूंनाही कळत नाही. ती उद्या जाणार हे खरेच आहे. म्हणूनच विचारपूस आज व्हायला हवी. आपण येथे राहणारे आहोत. उतारशाळा आपल्याकडे सोपवलेली आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर मागच्या बाकापर्यंत चार पावले चालत जाऊ आणि नाव विचारून घेऊ.