हिरवळ आणि पायवाट

सांगलीतील आमच्या अंगणातल्या हिरवळीस फाल्गुनाअखेर टक्कल पडले, तेव्हा तीवर नवे बी टाकण्याचा मोह आम्हांस झाला. वसंत हा हिरवळीच्या पेरणीचा काळ, हे आम्ही विलायती पुस्तकांत वाचलेले. थंड मुलखास ते खरे. आपल्याकडे चैत्रातला कोंब वैशाखात करपतो. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ साली पश्चिम घाटासह जागतिक वारसा ठरले. तेथील खडकावरच्या पातळ मातीत तृणबीज उन्हाळाभर पावसाची वाट पाहते. त्यास आळशी म्हणावे काय? शिवाय आमचे टक्कल आमच्याच रोजच्या पायवाटेचे. वाट न बदलता बी टाकणे ही सुधारणा नव्हे, दोषावरील पांघरूण होय. पाऊस पडताच हरळी पेरापेराला मूळ धरीत आपण होऊन सरकेल. तोवर आमचे कर्तव्य एकच : पाय आवरणे. पेरण्याहून ते कठीण आहे.