विठ्ठल किती अक्षरांचा?

अण्णांना आता ऐकू येत नाही. कानाचं यंत्र लावलं की नुसता गलका होतो म्हणतात, म्हणून ते डबीतच पडून असतं. चाळीस वर्षं दिंडीत टाळ धरलेला माणूस. संध्याकाळचा हरिपाठ त्यांनी कधी चुकवला नव्हता. कान गेल्यावर मात्र एकट्यानं म्हणताना लय सुटू लागली, झालेला चरण पुन्हा येऊ लागला, आणि एके दिवशी त्यांनी पोथी रुमालात बांधून फळीवर ठेवली. शब्द सगळे पाठ होते. बरोबर म्हणणारं कुणी ऐकू येत नव्हतं.

हरिपाठ त्यांच्यासमोर पडद्यावर उमटवायचा, अक्षरामागून अक्षर, टाळाच्या लयीत, असं मी ठरवलं. भाच्यानं मला अक्षरं हलवायचं एक सॉफ्टवेअर शिकवलं. मजकूर घालायचा, कुठलं अक्षर कधी यावं ते सांगायचं, आणि शेवटी एक्स्पोर्ट करून व्हिडिओची फाइल काढायची. मी शाळेत संस्कृत शिकवते. या यंत्राचा माझ्या विषयाशी काही संबंध असेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

चाचणीसाठी एकच शब्द घातला: विठ्ठल. आधी व आला. मग वेलांटी आली ती व च्या डावीकडे घुसली आणि व उजवीकडे ढकलला गेला. मग ठ. मग त्या ठ चा पाय मोडला. मग दुसरा ठ येऊन जोडाक्षर झालं, आणि शेवटी ल. पुरं होण्याआधी ते नाव माझ्या डोळ्यांदेखत मोडत, सरकत गेलं. मला ते बघवेना.

"आत्या, त्याच्या लेखी ही सहा अक्षरं आहेत," भाचा म्हणाला. खरंच होतं ते. संगणकात अक्षरं साठवायच्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीच्या मुख्य गटासाठी 128 जागा राखलेल्या आहेत, त्यात वेलांटीची जागा वेगळी आणि पाय मोडण्याच्या खुणेचीही वेगळी. वेलांटी साठवली जाते उच्चाराच्या क्रमानं, व च्या नंतर. दिसते मात्र आधी. म्हणजे डोळ्याला तीन अक्षरं, यंत्राला सहा. आणि वर्गात वर्णविग्रह करायला सांगितला तर मुलं सात वर्ण लिहितात, आणि तेही बरोबरच. मग विठ्ठल हा शब्द यातला कुठला?

पतंजलीचं महाभाष्य जवळजवळ याच प्रश्नानं सुरू होतं: 'गौः' म्हटल्यावर त्यात शब्द नेमका कोणता? मीमांसक शबरस्वामी आपल्या भाष्यात उपवर्षाचं उत्तर देतात: गकार, औकार आणि विसर्ग, बस्स. पण वर्ण तर एकामागून एक येतात आणि विरतात. औकार ऐकताना गकार उरलेला नसतो. मग अर्थ कुणामुळे कळतो? शबरस्वामी म्हणतात, आधीच्या वर्णांचे संस्कार मागे राहतात आणि त्यांच्यासह शेवटचा वर्ण अर्थ देतो. भर्तृहरीला हे तुकड्यांचं बांधकाम पटत नाही. शब्द अखंडच असतो, वर्ण संपता संपता तो एकदम उजळतो, तो स्फोट. वर्गात मी नेहमी भर्तृहरीची बाजू घेत आले.

भाच्यानं शब्दाची फोड जोडाक्षर तुटणार नाही अशी करून दिली: वि, ठ्ठ, ल. युनिकोडच्या नियमांतही देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायची तरतूद 2023 सालच्या 15.1 आवृत्तीत आली. मग फाइल काढली. एक्स्पोर्ट झालं की त्या फाइलमध्ये अक्षर असं काही उरत नाही. सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक चित्रात 1920 गुणिले 1080 ठिपके. त्यातला विठ्ठल खोडून दुरुस्त करता येत नाही, शोधायला गेलं तर सापडत नाही. शिवाय प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक चित्र सबंध ठेवतात, बाकीच्या बऱ्याच चित्रांत आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच असतं. हे कळलं तेव्हा मी थबकले. मागचं धरून ठेवल्याशिवाय पुढचं दिसतच नाही, हे तर शबरस्वामींचंच म्हणणं!

पण साम्य तिथंच संपतं. फाइल मागचं चित्र धरून ठेवते, तिला अर्थ कळत नाही. संस्कार लागतो तो ऐकणाऱ्याच्या ठायी. आणि अण्णांच्या बाबतीत तोही प्रश्न नव्हता, त्यांना अर्थ कळवायचाच नव्हता. अमृतानुभवाच्या सहाव्या प्रकरणात, शब्दखंडनात, ज्ञानदेव शब्दाला आठवण करून देणारा म्हणून गौरवतात, आणि मग विचारतात, जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्याला आठवण कसली द्यायची? मी ते अनेकदा वाचलं होतं, पण हाताशी काम असताना ते पहिल्यांदा टोचलं. अण्णा विसरले नव्हते. ज्ञानही नको, स्मरणही नको, तरी नाम हवं, अशी जागा माणसाला असते. तिथे नाम फक्त सोबत करतं. ही सोबत ध्वनीचीच असली पाहिजे असं मला वाटत नाही. मीमांसक तर ध्वनीला वर्ण प्रकट करणारा एवढंच मानतात. जे काम ध्वनी करतो ते उजेडानं का करू नये?

लय जमेपर्यंत माझ्या फोल्डरमध्ये आठ फायली झाल्या. शबरस्वामी म्हणतात, गो हा शब्द आठदा उच्चारला असं लोक म्हणतात, आठ गोशब्द झाले असं कुणी म्हणत नाही. मला तो आकडा बघून बरं वाटलं.

आठवी फाइल संध्याकाळी टीव्हीवर लावली. आवाज मुळात नव्हताच. अण्णा सोफ्याच्या कडेला पुढे सरकून बसले. दुसऱ्या चरणाला त्यांचे ओठ हलायला लागले, तिसऱ्याला गुडघ्यावर बोटं पडू लागली. एक अभंग झाल्यावर त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

"चांगलं म्हणतोय," ते म्हणाले, "पण चरण संपल्यावर श्वास घेत नाही."

प्रत्येक चरणापाशी बारा-बारा चित्रं वाढवून मी नववी फाइल काढायला लावली. ती होईपर्यंत अण्णांनी फळीवरची पोथी खाली घेतली होती.