मिलिता बेटावरची शेकोटी

माल्टा म्हटले की भूमध्य समुद्राचे ऊन, निळे पाणी आणि १५६६ साली वसविण्यास आरंभ झालेल्या व्हॅलेटा नगराच्या पिवळसर दगडी भिंती डोळ्यांपुढे येतात. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या २८व्या अध्यायात हेच बेट, मिलिता, पावसाने व थंडीने कुडकुडत आहे. तारू फुटून २७६ जीव किनाऱ्याला लागले, आणि बेटकरांनी शेकोटी पेटवून त्या सर्वांना जवळ केले.

मूळ ग्रीकमध्ये लूक त्यांना 'बार्बारॉय' म्हणतो. म्हणजे ज्यांची बोली आपल्या कानांना नुसती 'बर-बर' वाटते असे लोक. भाषांतर करताना येथे लेखणी अडते. 'रानटी' लिहावे, तर शेकोटी पेटविणाऱ्यांचा अपमान होतो. 'रहिवासी' लिहावे, तर त्यांचे परकेपण लोपते. कारण त्यांच्या दयेला लूकने दिलेले नाव आहे 'फिलान्थ्रोपिया', मनुष्यप्रीती. परकी बोली आणि मनुष्यप्रीती एकाच वचनात!

पैसे मोजणाऱ्या प्रवाशाचे स्वागत सर्वत्र होते. तो व्यवहार आहे. रिकाम्या हातांनी आलेल्याचे काय? पौल तर कैदी होता. शेकोटीने तो भेद केला नाही.

रायपूरच्या स्थानकावर गाठोडी घेऊन परप्रांती मजुरीस निघालेली छत्तीसगढी कुटुंबे दिसतात. जेथे ती उतरतील, तेथे त्यांची बोलीही कोणाला 'बर-बर' वाटेल. त्या गावी आपली मंडळी असेल. वाचकहो, तेथे शेकोटी कोण पेटवील?